जुन्या मशीनमधली यादी

"मग नवं कॉम्प्युटर घेऊ कोणतं?" भूपेंद्रने विचारलं, तेव्हा उत्तम तहसीलच्या फाटकासमोरच्या आपल्या टपरीत कुणाचा तरी अर्ज टाइप करत होता. त्याने मान वर केली नाही. सौंसरच्या ज्या छापखान्यात त्याने बावीस वर्षं लग्नपत्रिका जुळवल्या, त्याच्या मालकाला दारात उभं ठेवायची संधी रोज थोडीच येते.

दीड वर्षापूर्वी, ऐन लग्नसराईत, भूपेंद्रने स्वतःच अपडेटचं बटण दाबलं. मशीन दोन तास अडकून बसली, अर्धवट पत्रिका पुसली गेली आणि खापर गिऱ्हाइकांदेखत उत्तमच्या डोक्यावर फुटलं. "तुले कॉम्प्युटर समजत नाही. हे डबडं उचल अन् निघ." उत्तमने खरंच डबडं उचललं, सायकलच्या कॅरिअरला बांधलं आणि घरी आणलं; त्यातल्या फायलींची नक्कल छापखान्यातल्या दुसऱ्या मशीनवर होतीच. भूपेंद्रचे वडील नत्थूजी तेव्हा नागपूरला दवाखान्यात होते. उत्तमला कामावर ठेवणारे आणि टाइप करायला शिकवणारे तेच. ते असते तर असं झालं नसतं.

"विंडोज अपडेट मागून मागून जीव खाऊन राहिली," भूपेंद्र सांगत होता. "पोरगं म्हणते लिनक्स फुकट आहे. अन् तिसरं ते मॅक. तुमीच सांगा, उत्तमभाऊ."

त्याच्या तोंडून 'भाऊ' उत्तमने पहिल्यांदाच ऐकलं. खरं तर खोट तिन्हींत होती. लिनक्सवर छापखान्याचं जुनं सॉफ्टवेअर चालत नाही. विंडोज नको तेव्हा अडून बसते, पण जुन्या फॉन्टातल्या फायली तीच नीट वाचते. मॅक देखणं आणि महाग, आणि त्यावर बावीस वर्षांच्या त्या फायलींची माती होणार. हे अख्ख्या सौंसरात एकट्या उत्तमला ठाऊक होतं.

"मॅक घ्या," तो म्हणाला. "मोठ्या माणसाले तेच शोभते."

त्या दिवशी त्याने घरी पाव किलो जिलबी नेली.

"काय झालं आज?" शोभाने, त्याच्या बायकोने, विचारलं.

"पेरून आलो. उगवलं की सांगतो."

उगवलं चार महिन्यांनी, नत्थूजी गेले तेव्हा. तेरवीला आठवडा उरला असताना, दाढी वाढलेला भूपेंद्र उत्तमच्या घरी आला.

"बाबूजीची सोयऱ्यांची यादी पायजे होती. विंडोजवाली विकून टाकली अन् नव्या मशीनवर अक्षरांच्या जागी नुसत्या मुंग्या दिसून राहिल्या. तुमच्याजवळ ते जुनं आहे ना?"

रामाकोन्यापासून पांढुर्ण्यापर्यंत चारशे घरं होती त्या यादीत. यादीशिवाय निम्मी सुटणार आणि सुटलेला सोयरा जन्मभर तोंड फिरवणार. उत्तमला नेमका हाच दिवस हवा होता.

"ते डबडं?" तो म्हणाला. "कवाचंच बंद पडलं. अन् मले कॉम्प्युटर समजत नाही, तुमीच सांगतलं होतं."

भूपेंद्र खाली मान घालून उठला. उत्तमला ते जिलबीहून गोड लागलं.

"भूपेंद्राचं ठीक आहे," शोभा आतून म्हणाली. "म्हाताऱ्यानं काय केलं होतं तुमचं?"

भूपेंद्रचं किती नुकसान झालं ते मोजावं म्हणून उत्तमने ती जुनी मशीन सुरू केली. यादी उघडली. एकेक गाव, एकेक घर, सगळं त्याच्याच हातचं. शेवटची ओळ मात्र त्याने टाइप केलेली नव्हती. शब्दाशब्दांत तीन-तीन जागा सुटल्या होत्या. एका बोटाने टाइप करताना नत्थूजींच्या अशाच सुटायच्या.

उत्तम.   पत्रिका   देऊ   नये.   घरचा   आहे.

उत्तमने यादी छापली आणि अंगात धुतलेला सदरा घातला.

"आता त्याले काय सांगता?" शोभाने विचारलं.

"चालू झालं म्हणतो."

भूपेंद्रला त्याने माफ केलं नव्हतं. त्याने कात्री घेतली, कागदाची शेवटची ओळ कापून खिशात ठेवली आणि उरलेली यादी घेऊन तो निघाला.