चोरखिसा

“टाके दातांनी तोड,” मास्तर म्हणाले.

“चार माणसांत तुमच्या बंडीला दात लावू?” त्यांच्या पत्नी, टेलरबाई, खेकसल्या. “कात्री असती तर एका झटक्यात उसवलं असतं. पण ती विमानतळावर काढून घेतली, आणि तुम्ही ‘नियम म्हणजे नियम’ म्हणून मान डोलवत होतात!”

तिकीटखिडकीसमोर त्यांच्या मागे रांग वाढत चालली होती. दिवसाची शेवटची बोट धक्क्याला लागली होती आणि पलीकडच्या बेटावर, इस्पितळात, टेलरबाईंची थोरली बहीण वाट पाहत होती. पहाटे तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. “आदल्या रात्री तू माझ्याजवळ बस, मग मला कुठेही नेऊ देत,” असं ताई फोनवर म्हणाली होती. आयुष्यभर कुणाकडे काही मागितलं नव्हतं तिने. मागितलं ते एवढंच.

आणि तिकिटाचे पैसे ज्या कार्डाने द्यायचे, ते कार्ड मास्तरांच्या बंडीत, आतल्या चोरखिशात, शिवून बंद होतं.

शिवलं टेलरबाईंनीच. मास्तर तसे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, पण प्रवासाचं ठरलं आणि त्यांनी कार्डाचा ध्यासच घेतला. हल्लीची कार्डं म्हणे नुसती यंत्राजवळ नेली की पैसे जातात. मग गर्दीत कुणी यंत्रच आणून खिशाला टेकवलं तर? म्हणून खिशाला पोळ्या गुंडाळायच्या चकचकीत कागदाचं अस्तर. खिसेकापूंसाठी वर दुहेरी टीप. रोकड नको, ती हरवते. टेलरबाईंचं कार्ड घरीच ठेवायचं, कारण दोन कार्डं म्हणजे दुप्पट काळजी. आणि पिन कुणालाही सांगायचा नाही, बायकोला तर नाहीच. शेवटी टेलरबाईंनी वैतागून अशी घट्ट टीप मारली की चोरच काय, मालकानेही हात टेकावेत.

दात लावावेच लागले. दोरा तुटला, कार्ड बाहेर आलं. खिडकीतल्या बाईने हात पुढे केला.

“हातात देणार नाही,” मास्तर म्हणाले. “यंत्र इकडे सरकवा. कार्ड आपल्या नजरेआड होऊ द्यायचं नाही.”

“अहो, बोट नजरेआड होईल त्याचं काय?” टेलरबाई म्हणाल्या.

बाईने सुस्कारा सोडून यंत्र सरकवलं. “दोन तिकिटांची रक्कम मोठी आहे, नुसतं टेकवून चालणार नाही. कार्ड आत घाला आणि पिन टाका.”

मास्तरांनी रांगेतल्या लोकांना हातानेच मागे सरकवलं, डाव्या तळव्याचं छप्पर करून आकडे झाकले आणि पिन दाबला. यंत्राने नकार दिला. पुन्हा दाबला. पुन्हा नकार.

“आता एकदाच,” बाई म्हणाली. “परत चुकलात तर कार्ड बंद पडेल.”

“सरका, मला सांगा. मी दाबते,” टेलरबाई म्हणाल्या.

“पिन सांगायचा नसतो.”

“बायकोला नाही सांगणार, मग काय खिसेकापूला सांगणार आहात?”

रांगेत कुणीतरी हसलं. मास्तर हसले नाहीत. टेलरबाईंनी वाकून पाहिलं. तळव्याचं छप्पर तसंच होतं, पण त्याखाली बोट या आकड्यावरून त्या आकड्यावर नुसतं फिरत होतं.

“अगं,” मास्तर अगदी हळू म्हणाले, “सुरुवातच आठवत नाहीये.”

“काल तर आठवत होता ना?”

“काल...” ते म्हणाले, आणि पुन्हा आकड्यांकडे बघू लागले.

टेलरबाईंना एकेक आठवू लागलं. आज सकाळी सामान टाकून लॉजच्या खोलीतून निघताना मास्तरांनी बाहेर पडायला म्हणून कपाटाचं दार उघडलं होतं. गेल्या महिन्यात शेजाऱ्यांच्या कुलपात आपली किल्ली फिरवत बसले होते. दोन्ही वेळा त्यांनी नवऱ्याला धांदरट म्हणून फैलावर घेतलं होतं. एवढी सावधगिरी माणूस कशापायी बाळगत होता, ते त्यांना आत्ता कळलं. स्वतःचीच इतकी चीड आली की कानशिलं तापली.

“मशीन जुनं झालंय वाटतं तुमचं,” त्या मोठ्याने म्हणाल्या.

खिडकीतल्या बाईने काही बोलायला तोंड उघडलं, मास्तरांकडे पाहिलं आणि मिटलं. “एकेक तिकीट काढून बघू,” ती म्हणाली. “लहान रकमेला पिन लागत नाही.”

मास्तरांनी कार्ड टेकवलं. एक तिकीट आलं. दुसऱ्यांदा टेकवलं, तर यंत्र पुन्हा पिन मागायला लागलं.

“आज एकदाच घेतंय. दुसरं उद्या काढा, हेही उद्या चालेल,” बाई म्हणाली. बोटीचा भोंगा वाजला.

“तू जा,” मास्तर म्हणाले. “ताई डोळे लावून बसली असेल. मी लॉजवर जाऊन पडतो, उद्या येईन.”

“कुठे आहे लॉज?”

मास्तरांनी उजवीकडचा रस्ता पाहिला, डावीकडचा पाहिला. “ते काय... आपलं ते,” ते म्हणाले, आणि खोकला आल्यासारखं करून तोंड फिरवलं.

टेलरबाई हातातलं तिकीट घेऊन तशाच उभ्या राहिल्या. धक्क्यावरच्या माणसाने “येताय का बाई?” म्हणून हाक मारली. त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि ताईला फोन लावला.

“बोट चुकली गं. उद्या येते.”

“उद्या मला पहाटेच आत नेणार आहेत.”

“माहितीये.”

“मास्तरांनीच काहीतरी घोळ घातला असणार.”

“नाही गं. घोळ माझाच.”

मग ताई “बरं” म्हणाली आणि तिने फोन ठेवला. टेलरबाईंना रडू येत होतं आणि संतापही येत होता. नेमका कुणाचा, ते सांगता आलं नसतं. रांग पांगली, खिडकी बंद झाली. बोट बरीच लांब गेल्यावर त्या धक्क्यावरच्या बाकावर बसलेल्या मास्तरांकडे वळल्या.

“का नाही गेलीस?” मास्तरांनी विचारलं.

“कंटाळा आला.”

मास्तरांनी मान डोलावली. अख्खा बाक रिकामा होता, तरी ते टेलरबाईंसाठी थोडे सरकले.