भाषणमुक्त दशक्रिया

मृत्यूपुढे शब्द थिटे पडतात. बारामती-इंदापूरकडे मात्र दशक्रियेला माईक असल्यामुळे ते पुरून उरतात.

पिंपळीच्या चिंतामणतात्यांना, म्हणजे हायस्कूलच्या निवृत्त मास्तरांना, हे स्वतःवर आल्यावर कळलं. त्यांचा एकुलता एक मुलगा अथर्व मोटारसायकलवरून घरी येताना रिफ्लेक्टर नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर धडकला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. दशक्रियेला एका कारखान्याचे संचालक, त्यांचे विरोधक आणि विरोधकांतून फुटलेले, असे सगळेच श्रद्धांजली वाहायला उठले. एकाने पोराला ‘तीन पिढ्यांचा आधारवड’ ठरवलं. दुसऱ्याने जाता जाता आपलं निवडणूक चिन्ह सांगून घेतलं. भोंगा चालू असेपर्यंत पिंडाला कावळा शिवेना, आणि अथर्वची आई इंदिराबाई उन्हात उपाशी बसून राहिल्या. त्यांना कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही.

तात्यांनी चळवळच उभारली. दशक्रियेला कुणी बोलायचं नाही. त्याऐवजी गावातल्या दोघांनी महिनाभर त्या घरी जायचं, नुसतं बसायचं, घरचे गेलेल्याविषयी बोलतील ते ऐकायचं. कल्पना चांगली होती. ती लोकांना पटवायची तेवढी राहिली होती, आणि लोक एकगठ्ठा सापडतात ते दशक्रियेलाच. तात्या तिथं माईक हातात घेऊ लागले.

निरवांगीच्या दशक्रियेला तिथले सरपंच संभाजीराव म्हणाले, “तात्या, भाषण नको हे सांगाया किती येळ लागंल?”

“मुद्दा नीट समजावून द्यावा लागतो.”

“द्या की. फकस्त संचालक आलं की आवरा.”

भिगवणच्या दशक्रियेला निघायच्या सकाळी इंदिराबाई तात्यांना चहा देऊन समोरच बसल्या. बऱ्याच दिवसांनी अशा बसल्या होत्या.

“आवो, अथर्वचा शर्ट घावला गादीखाली. अजून वास हाय त्याला. धुवू का नको?”

“आल्यावर बघू.”

“तुमच्या चळवळीतलं कुणी आपल्याकडं न्हाय का येत बसायला?”

“पिंपळीत अजून माणसं मिळाली नाहीत.”

“मग आज तुमीच बसा की.”

चपलेत पाय घालता घालता तात्या थांबले. बाहेर जीपचा हॉर्न वाजला.

“लोक खोळंबलेत, इंदिरा.”

“जावा.”

भिगवणला सात जण बोलले. सगळ्यांत लांबलं ते तात्यांचं.