वाणी किड्याचं नाव

नव्या जातीला स्वतःचं नाव द्यायचं नाही, हा आम्हा किडेवाल्यांचा शिरस्ता. दुसऱ्या कुणाचंही द्या. ते ‘कुणाचंही’ मला शोधून सापडेना.

माझा किडा म्हणजे एक वाणी. काळपट, बोटभर, शेकडो पायांचा, शिवलं की वेटोळं करून बसणारा. कुजक्या ओंडक्याखाली मिळाला तेव्हा चारचौघांसारखाच वाटला. पण वाण्याची जात पाठीवरून कळत नाही. नराच्या अंगाच्या सातव्या कड्यावरचे पाय सोडवून सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागतात. ते पाय चितारण्यात तीन वर्षं गेली. आता शोधनिबंध तयार होता, नावाची जागा तेवढी रिकामी. विभागात मी एकटीच उरलेय. समोर बसून कोळ्यांच्या जाती शोधणारे सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीवर मी बरण्या ठेवते. बरण्या उलट बोलत नाहीत, एवढंच काय ते सुख.

शेवटी ताईला फोन केला. आठ वर्षांनी. आधी तब्येती झाल्या, तिचे गुडघे झाले. मग भीत भीत विचारलं, तुझं नाव देऊ का? ती हसली. म्हणाली, नातवंडांना कळलं तर जन्मभर चिडवतील. ती हसली म्हणून मला धीर आला. मी समजावून सांगितलं की जातीच्या नावापुढे ती पहिल्यांदा नोंदवणाऱ्याचं नाव लिहितात. पुस्तकात, बरणीवरच्या चिठ्ठीवर, सगळीकडे. म्हणजे तुझं नाव आणि त्याला लागून माझं, कायमचं. खरं तर हे सांगायलाच मी फोन केला होता.



“आई अंथरुणाला खिळली तेव्हा तुला सहा वेळा बोलावलं,” ताई म्हणाली. “तू जंगलात होतीस. तेव्हा शेजारी उभी राहायला हवी होतीस. आता चिठ्ठीवर नको.”

तिनं आवाज चढवला नाही, म्हणून जास्तच लागलं. मी पुन्हा गुडघ्यांचं विचारलं, तिनं बरे आहेत म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी निबंध पाठवून दिला. नावाच्या जागी किड्याचा रंग लिहिला, आणि त्याच्या शेजारी मी.