आठातले नऊ

विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या गच्चीवर रोज सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला एक बाई मान वर करून उभी असायची. ढग मोजायला. तापमान, वारा, पाऊस यांच्यासाठी यंत्रं होती. ढगांना मात्र माणूसच लागायचा. आकाश म्हणजे पालथं घातलेलं थोरलं भांडं. त्याचे मनातल्या मनात आठ वाटे करायचे, विखुरलेले ढग नजरेनेच झाडून एका बाजूला गोळा करायचे आणि ते किती वाटे भरतात तो आकडा नोंदवहीत लिहायचा. निरभ्र असेल तर शून्य, गच्च भरलं असेल तर आठ. तिच्या आधी तिघांनी हेच केलं होतं. एक्याण्णव वर्षांत एकही चौकट रिकामी राहिलेली नव्हती. सगळे तिला ढगबाई म्हणत, आणि खऱ्या नावापेक्षा तेच तिच्या अंगाला जास्त बसलं होतं.

घरी धाकटी नणंद होती, तोंडाने तिखट. रोज सकाळी ढगबाई चपला घालायला लागली की म्हणायची, "वहिनी, चहा तरी संपव. आकाश काय पळून चाललंय?"

"तेच तर चाललेलं असतं ना," ढगबाई म्हणायची आणि जिना उतरायची.

त्या वर्षी सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला आणि विद्यापीठाच्या अनुदानाला कात्री लागली. वाचनालयातले दिवे एकाआड एक लागू लागले. दोन विभागांत मिळून एकच शिपाई उरला. तो सदैव दुसऱ्या विभागात असायचा. मग वरून हुकूम आला: शुक्रवारपर्यंत अनावश्यक पदांची यादी द्या. यादी करायला एक ऑडिटर आला. सरळ, थकलेला माणूस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा. त्याने गच्चीवरच्या नोंदवह्या चाळल्या आणि शेरा मारला: "आठपैकी नऊ असे दोनशे सदतीस वेळा लिहिले आहे. नोंदी भरवशाच्या नाहीत. पद रद्द करण्यास हरकत नाही."

ढगबाई शेरा वाचून तडक त्याच्या टेबलापाशी गेली. "साहेब, नऊ म्हणजे आकाश दिसत नाही. तशी खूणच आहे आमची."

"बाई, आठात नऊ बसत नाहीत. माझी तिसरीतली नात सांगेल."

"नातीला आठापर्यंत आलं तरी चालेल, आजोबांना पुढचं यायला हवं."

तो हसला, पण शेरा खोडला नाही.

बुधवारी संध्याकाळी ती गच्चीवर गेली. आकाश धुतल्यासारखं स्वच्छ. तिने शून्य लिहिलं. वारा पडला होता, आदल्या दिवशीच्या भुरभुरीने मैदान अजून ओलं होतं, गारठा चढत होता. तिने हवा नुसती हुंगली आणि खाली जाऊन ऑडिटरला गाठलं. "उद्या साडेआठला गच्चीवर या."

"काय दाखवणार?"

"काहीच नाही."

गुरुवारी धुकं असं उतरलं की इमारत होती कुठे आणि नव्हती कुठे ते कळेना. ऑडिटर मफलर गुंडाळून चार मजले चढून आला आणि दारातच थबकला. गच्चीला कठडा नव्हता, खाली मैदान नव्हतं, वर आकाश नव्हतं. दूध सांडावं तसा नुसता पांढरेपणा, आणि त्यातून ढगबाईचा आवाज.

"या पुढे. कठडा आहे, घाबरू नका. आता सांगा, किती?"

"शून्य," ऑडिटर म्हणाला. मग, "नाही. आठ."

"आठ म्हणायला ढग दिसायला हवेत. वर कदाचित लख्ख निळं असेल."

"मग काहीच लिहू नका."

"काही लिहिलं नाही तर पुढच्यांना वाटेल, त्या दिवशी इथे कोणी आलंच नव्हतं."

आपल्याच श्वासाची वाफ धुक्यात मिसळताना दिसत होती. खाली कुठेतरी एक सायकल गेली. तिची घंटी वाजली, सायकल दिसली नाही.

"आमच्याकडे असा आकडा नाही," ऑडिटर हळूच म्हणाला. "जे दिसत नाही त्याला आम्ही सरळ शून्य लिहितो."

"लिहा की मग तुम्हीही नऊ."

"नोकरी जाईल माझी."

"माझी चाललीच आहे," ती म्हणाली, आणि धुक्यात दोघंही हसली.

त्याने शेरा मागे घेतला. पण नोंदी खऱ्या निघाल्या म्हणून तिजोरी थोडीच भरते! शुक्रवारी आदेश आला. पद रद्द; बाईंची बदली परीक्षा विभागात, नऊ ते सहा; सकाळची नोंद त्यांनी इतर काम सांभाळून करावी; संध्याकाळची सोमवारपासून बंद. ढगबाईने आदेश दोनदा वाचला. सकाळ वाचली होती. संध्याकाळ गेली होती. हसावं की रडावं हे तिला बसमध्येही ठरवता आलं नाही.

रविवारी ती संध्याकाळच्या शेवटच्या नोंदीला निघाली, तर नणंदेने आधीच चपला घातल्या होत्या. "मीपण येते. बघू तरी, एवढं काय असतं तिथे."

"चार मजले आहेत. गुडघ्यांचं काय?"

"गुडघे माझे आहेत, तुला का दुखतंय?"

दर मजल्यावर थांबत, सरकारला आणि जिना बांधणाऱ्याला शिव्या देत ती वर पोचली. आणि कठड्याला टेकून उभी राहिली. पश्चिमेला पिंजलेल्या कापसासारखे ढग पसरले होते, कडांना केशरी झाक. खालचे रस्ते, बंद विभागांच्या खिडक्या, सगळं त्या उजेडात तरंगत होतं.

ढगबाईने तिला वाटे करायला शिकवलं. नणंद बोट फिरवत पुटपुटत राहिली.

"चार," ती म्हणाली.

"तीन."

"वहिनी, डोळे तपासून घे. तो डोंगरामागचा धरलास का?"

"पातळ आहे तो, वन्सं."

"पातळ असला म्हणून काय ढग नाही? मीही वाळलेच आहे, म्हणून माणसात धरत नाहीस का मला?"

साडेपाच वाजून गेले. ढगबाई पेन उघडून उभी होती, आणि पश्चिमेचा तो ढग वितळत, फाटत, कधी तिच्या तर कधी नणंदेच्या बाजूने कौल देत होता. तिने एकदा घड्याळ पाहिलं.

"बरं, पुन्हा मोजू," ती म्हणाली. "उजवीकडून."