जमा केलेली सळई

मित्रांनो, मी बंदुकीची नळी मोजणारी पोलादाची सळई. लांबी वीतभर. माझं एक टोक किंचित बारीक, दुसरं केसभर जाड. बारीक टोक नळीत गेलं पाहिजे, जाड टोक अडलं पाहिजे, तरच बंदूक पास. कारखान्यात बारीक टोकाला आई म्हणत आणि जाड टोकाला सासू. आई आत घेते, सासू दारात अडवते, असा तिथला विनोद होता.

मला टूलरूमच्या मिस्त्रीने घडवलं. यंत्रावर कापलं, पण शेवटचं घासणं हाताने केलं. तीन दिवस तेल लावून, पुसून, पुन्हा मोजून. मग त्याने मला तपासणी विभागातल्या बाईच्या हातात दिलं. ती त्याची बायको.

बारा वर्षं मी बाईच्या खिशात राहिले. रोज साठ-सत्तर बंदुका. बाईला जाड टोक किती जोर लावल्यावर अडतं हे मनगटाने कळायचं. एकदा मोठे साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या हातून गेलेली बंदूक परत आलेली नाही." बाई म्हणाली, "परत आली तर मी तिथेच असते ना, साहेब." कारण कारखान्याची रीतच होती. जिने बंदूक पास केली, तिने पहिला बार उडताना उडवणाऱ्याच्या उजव्या खांद्याशी उभं राहायचं. म्हणजे कोणी डोळे झाकून शिक्का मारत नाही.

मग समिती बसली. सैन्यात तीन मापांच्या बंदुका होत्या आणि काडतुसं एकमेकांना चालत नव्हती. सगळ्यांना एकच माप हवं, हे म्हणणं बरोबरच होतं. जाड गोळी लांब मारा करते, बारीक गोळी हलकी असते आणि शिपाई जास्त नेऊ शकतो, यावर चार वर्षं वाद झाला. शेवटी बारीक माप ठरलं. जुन्या बंदुका फेकायच्या नाहीत, फक्त आतली नळी बदलायची, असंही ठरलं. म्हणजे बदललेली आणि न बदललेली बंदूक बाहेरून हुबेहूब सारखी.

समितीतले चष्मेवाले साहेब कारखान्यात आले तेव्हा बाईने विचारलं, "साहेब, सगळ्या नळ्या एका दिवसात बदलणार का?"

"छे. वर्ष लागेल. टप्प्याटप्प्याने."

"म्हणजे वर्षभर इथे दोन मापं राहणार, जुनं आणि नवं."

"कागदावर एकच राहील."

"बंदूक कागद वाचत नाही, साहेब."

साहेब हसले. त्यांच्या मागचे सगळे हसले. कोणी लिहून मात्र घेतलं नाही.

आदेश आला. जुनी मापं, म्हणजे माझ्यासारख्या सळया, तीस तारखेला भांडारात जमा करावीत. नवी मापं आराखडा मंजूर झाल्यावर मिळतील. तोपर्यंत नळी बदलल्याची चिठ्ठी बघून बंदूक पास करावी.

बाईने मला जमा केलं नाही. माझं आईचं टोक आत गेलं तर नळी जुनी, नाही गेलं तर बदललेली, एवढी साधी गोष्ट होती. पहिल्या दोन दिवसांत तिने तीन जुन्या बंदुका बाजूला काढल्या. तिन्हींना चिठ्ठी बांधलेली होती.

घरी मिस्त्री चहा पिताना म्हणाला, "अगं, उद्या देऊन टाक. भांडारवाला दोनदा विचारून गेला."

"राहू द्या की महिनाभर. नवी आली की देते."

"तो रजिस्टर घेऊन फिरतोय."

"रजिस्टरला सांगा, सासू माहेरी गेलीय."

मिस्त्रीला हसू आलं नाही. त्याला नोकरीची काळजी होती, दोघांच्याही. सकाळी ती केस विंचरत असताना त्याने खुंटीवरच्या तिच्या कोटाच्या खिशातून मला काढलं.

दहा वाजता बाई टूलरूमच्या दारात आली. मी त्याच्या मुठीतच होते.

"नेलीत ना?"

"जमा करायला चाललोय. तुझ्यासाठीच करतोय."

"बरं," ती म्हणाली आणि गेली. त्यानंतर तो दिवस आणि दुसरा दिवस ती त्याच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी बोलायला ती उरली नाही.

मी भांडाराच्या खणात होते, म्हणून पुढचं मला चौकशीत कळलं. त्या दिवशी चिठ्ठी बांधलेल्या चाळीस बंदुका मैदानावर गेल्या. एकोणिसावी जुनीच होती. नवं बारीक काडतूस तिच्या रुंद घरात सैल बसलं. चाप ओढल्यावर काडतुसाचं पितळ फाटलं आणि आग मागे आली. उडवणाऱ्याचा गाल भाजला, तो वाचला. नळी मागून बंद करणाऱ्या बोल्टचा तुकडा उजवीकडे उडाला. उजव्या खांद्याशी बाई उभी होती.

चौकशीला मला खणातून काढलं. त्या बंदुकीत घातलं. आईचं टोक स्वतःच्या घरात जावं तसं सरळ आत गेलं. चौकशी करणाऱ्या तिघांनी ते पाहिलं. मग अहवाल लिहिला. दोष कोणाचा, तर माप न घालता बंदूक पास करणाऱ्या तपासनिसाचा.

मिस्त्री उभा राहिला. "माप मी नेलं. तिच्या खिशातून, तिला न विचारता. हे लिहा."

लिहिणारा कारकून म्हणाला, "मिस्त्री, तुम्ही आदेश पाळला. आदेश पाळणाऱ्याला दोषी लिहिता येत नाही."

"मग आदेश देणाऱ्याला लिहा."

"समिती बरखास्त झाली, मिस्त्री. माप ठरलं ना."

त्याने मला परत मागितलं. सरकारी वस्तू घरी देता येत नाही, म्हणाले. आता मी मोठ्या साहेबांच्या खोलीत काचेच्या कपाटात आहे. खाली पट्टी आहे, 'जुने माप'. पाहुणे बघतात आणि चहा घेतात. बाईचं नाव कुठेच नाही.

अपघातानंतर सव्वीस दिवसांनी नवी मापं आली. उत्तम होती. मिस्त्रीनेच घासली होती. दुसरं कोण घासणार होतं? त्याच्या हाताशिवाय ते काम कोणाला येत नव्हतं. नवी मापं घडवायचा आदेश एक महिना आधी निघाला असता, तर ती त्याने तेव्हाही घासली असती.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल. तुमच्यातलं कोणी मोठ्या टेबलाशी बसेल आणि सगळ्यांसाठी एक माप ठरवेल. जरूर ठरवा. पण ज्या माणसाच्या हातातून जुनं माप काढून घ्याल, त्याच्या हातात आधी नवं ठेवा. आधी ठेवा, मग काढा. आणि तुमच्यातलं कोणी मिस्त्री झालं, आणि घरातलं माणूस म्हणालं की महिनाभर राहू द्या, तर राहू द्या.