डब्याच्या बुडावरचा पत्ता

मी एक जुना बिस्किटांचा डबा आहे. गोल, निळा, पत्र्याचा. हसू नका मित्रांनो! माझा एखादा भाऊबंद तुमच्याही घरात असेल. मोठ्या आशेने तुम्ही त्याचं झाकण उघडलं असेल आणि आत सुईदोरा पाहून तुमचं तोंड उतरलं असेल. माझ्यात तर सुईदोराही नाही. माझ्यात कागद आहेत, गळ्यापर्यंत कोंबलेले कागद. त्यातला एकही माझा नाही, पण सांभाळायचे मीच.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. यंत्राने एका दणक्यात मला गोल केलं, दुसऱ्या दणक्यात बूड बसवलं. अंगावर पवनचक्की रंगवली आणि तिच्याशेजारी हंसांना दाणे घालणारी एक बाई. ती अजूनही दाणे घालतेच आहे, हंसांचं पोट काही भरत नाही. मग माझ्यात लोण्याची बिस्किटं भरली, मला जहाजावर चढवलं आणि मी शारजाच्या एका दुकानात उतरलो. तिथे एका सडपातळ तरुणाने मला उलटं केलं आणि माझ्या बुडावर एक चिठ्ठी चिकटवली. मला कोणी आणलं त्याचं नाव, त्याचा पूर्ण पत्ता, माझ्यातल्या मालाचं वजन आणि महिना, सगळं तिच्यावर होतं. चिठ्ठी नसती तर मला फळीवर जागा मिळाली नसती.

तो तरुण म्हणजे केरळातल्या कोळिक्कोडचा बीरान कोया. आठ वर्षं तो परदेशात हेच करत होता, दुसऱ्यांच्या डब्यांवर दुसऱ्यांचे पत्ते चिकटवायचे. घरी परतताना त्याने उम्मासाठी, म्हणजे आपल्या आईसाठी, मला विकत घेतलं. कोळिक्कोडमधल्या कुट्टिचिऱ्याच्या तळ्याकाठी त्यांचं मोठं थोरलं घर होतं. बिस्किटं दोन दिवसांत संपली. माझं किती कौतुक झालं म्हणून सांगू! शेजारणी झाकण उघडून नुसता वास घेऊन जायच्या. मग उम्माने माझ्यात बीरानचे कागद ठेवले. पासपोर्ट, शाळेचा दाखला, जन्माचा दाखला. हे जग सोडून जाताना तिने मला थोरल्या लेकीच्या, कुंजीबीच्या हाती सोपवलं. कुंजीबीने मला कपाटात वरच्या खणात ठेवलं, ते ठेवलंच. समुद्राची खारी हवा कपाटातही शिरते. माझं झाकण गंजलं आणि मी आतल्या आत कोंडलो.

मित्रांनो, कुट्टिचिऱ्यातली घरं बायकांची असतात. आईकडून लेकीकडे जातात. पुरुष लग्न करतो आणि बायकोच्या घरी झोपायला जातो. सकाळचा चहा मात्र आईच्या घरी, आई गेली की बहिणीच्या. बायकोच्या घरी तो पुदियाप्ला, म्हणजे नवरदेव. आणि नवरदेव म्हणजे कायमचा नवरदेव, दात पडले तरी! बायकोच्या, सुहराबीच्या घरी बीरान अठ्ठावीस वर्षं नवरदेवच होता. ताटात माशाचा सगळ्यांत मोठा तुकडा त्याला, पण 'मीठ द्या' म्हणायची सोय नाही. बसायला चांगली खुर्ची त्याला, पण भिंतीत एक खिळा ठोकायची छाती नाही. कोणी मना केलं होतं असं नाही, पण पाहुणा कधी खिळे ठोकतो का?

पोटासाठी तो वलियंगाडीच्या बाजारात एका व्यापाऱ्याच्या गाळ्यावर सुटा खजूर तोलायचा. तोलता तोलता सत्तावीस वर्षं गेली. मग पंचावन्नाव्या वर्षी त्याच्या मनाने घेतलं, आपण स्वतः बंद पाकिटांतला खजूर बाहेरून आणायचा आणि आपल्या नावाने विकायचा. त्याने गाळा सोडला. त्याच्या जागी आठवड्यात दुसरा माणूस उभाही राहिला. खजूर कोचीच्या बंदरात येऊन पडला. रमजानला तीन आठवडे होते. रमजान उलटला की खजुराला विचारतंय कोण?

आणि तिथे माशी शिंकली. बंद पाकिटांतला माल बाहेरून आणणाऱ्याला वजनमापे खात्यात नाव नोंदवावं लागतं. अर्जात पूर्ण पत्ता हवा आणि प्रत्येक पाकिटाच्या लेबलवर तोच पत्ता हवा. बाजाराजवळ कॉम्प्युटरवर अर्ज भरून देणारी शैलजा नावाची बाई आहे. तिने भरलेला अर्ज परत आला. एका सकाळी ती स्वतःच बीरानबरोबर कुंजीबीकडे आली. कागद हवेत म्हणून मला कपाटातून काढून, झाकण कसंबसं उचकटून मेजावर ठेवलं होतं. किती दिवसांनी मला उजेड दिसला!

"इक्का, अर्जात पत्ता तुमच्या बहिणीच्या घराचा," शैलजा बीरानला म्हणाली (इक्का म्हणजे तिकडचा दादा), "आणि लेबलवर पत्ता तुमच्या बायकोच्या घराचा. खातं विचारतंय, हा माणूस राहतो कुठे?"

"दोन्हीकडे," बीरान शांतपणे म्हणाला. "चहा इथे, झोप तिथे."

"आणि धंदा?"

"तो मध्ये. रस्त्यावर."

"रस्त्याला घर नंबर नसतो, इक्का!" शैलजाने कपाळाला हात लावला. "एक घर ठरवा. घराच्या मालकिणीचं सहीनिशी संमतीपत्र आणा, घरपट्टीची पावती आणा. झालं काम."

झालं काम म्हणे! आपलं चुकलं कुठे, हेच बीरानला उमजत नव्हतं. कुट्टिचिऱ्यातल्या कोणत्याही पुरुषाला घर विचारा, तो न अडखळता दोन सांगेल. बीरानने कुंजीबीकडे पाहिलं. "इत्तात्ता," तो थोरल्या बहिणीला म्हणाला, "तू सही देशील?"

कुंजीबीने सुलैमानीचा, म्हणजे बिनदुधाच्या चहाचा, पेला त्याच्यापुढे सरकवला. "नाही देणार."

"नुसता पत्ता गं."

"आज पत्ता, उद्या पाटी, परवा तुझी मुलं येऊन म्हणतील आमचा हिस्सा कुठाय. या घरावर एकोणीस बायकांची नावं आहेत, बीरान. एकेक जण येऊन माझ्या डोक्यावर मिरे वाटेल. माझ्या तीन पोरी आहेत. त्यांच्या घरावर मी कुणाचाही कागद चढू देणार नाही, तुझासुद्धा." भावावर तिची माया नव्हती असं समजू नका. त्याच्या चहात साखर किती ते तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हतं.

"मग सुहराबींना विचारा," शैलजा म्हणाली. "रस्त्याकडची कोठी त्यांच्याच नावावर आहे ना? तिथेच तर माल ठेवणार आहात."

"पुदियाप्ल्याने सासरी घराचे कागद मागायचे?" बीरान कानकोंडा झाला. "अठ्ठावीस वर्षांत मी तिथे दुसरी उशी मागितली नाही, शैलजा."

इकडे आड, तिकडे विहीर. शैलजा नमुन्याचं लेबल माझ्यात टाकून निघून गेली. माझं गंजकं झाकण ठोकून बसवलं, मला पुन्हा कपाटात ढकललं, वर चार चादरी ठेवल्या.

पुढचे दिवस फार वाईट गेले, मित्रांनो. बीरान रोज सकाळी यायचा. चहा घ्यायचा, कपाटाकडे बघायचा आणि उठून जायचा. बाजारात जाऊन उभं राहावं तर जुना मालक विचारणार, "काय कोया, कुठाय तुझा माल?" म्हणून तो तळ्याच्या पायऱ्यांवर बसायचा. कुंजीबी खिडकीतून त्याला पाहायची आणि भांडी आदळायची. माल बंदरात अडकलेला, मी कपाटात अडकलेला आणि तो दोन घरांच्या मध्ये. ओरडायची सोय कोणालाच नव्हती. यालाच तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात ना?

रमजानला बारा दिवस उरले तेव्हा शैलजाचा निरोप आला. पत्ता कुठलाही ठरो, जन्माच्या दाखल्याची प्रत आधी द्या. कुंजीबीने मला बाहेर काढलं. झाकण काही हलेना. चमच्याचा दांडा वाकला, बीरानचं नख मोडलं. शेवटी कुंजीबीने मला उलटं केलं आणि उंबऱ्यावर दोनदा आपटलं. अगं आई गं! माझ्या कडेला पोचा पडला तो आजही आहे. पण उलटं केल्यावर तिला माझं बूड दिसलं.

"हे काय चिकटलंय रे?"

बीरानने चष्मा लावला. मग अंगठ्याने त्या पिवळ्या पडलेल्या चिठ्ठीवरून हात फिरवत म्हणाला, "ही मी चिकटवलेली आहे. शारजात."

"मग?"

"मग काय! बघ ना इत्तात्ता, या डब्यालासुद्धा पूर्ण पत्ता आहे." चष्म्यामागून पाणी ओघळलं. "आठ वर्षं लोकांचे पत्ते चिकटवले. सत्तावीस वर्षं लोकांचा खजूर तोलला. मला तुझं घर नको गं. बायकोचंही नको. मला चार ओळी हव्यात, या चिठ्ठीवर मावतील एवढ्या."

कुंजीबी उंबऱ्यातच बसली. मला मांडीवर घेऊन ती पवनचक्कीवरची धूळ पदराने पुसत राहिली. मला वाटलं, आता ती सही देणार. पण ती उठली आणि खुंटीवरची चादर अंगावर घेतली.

"रडतोस काय मेल्या! डोळे पूस. माझी सही मी देणार नाही, ते एकदा बोलले. पण तुला जे मागता येत नाही, ते मला मागता येतं. पुदियाप्ल्याला तोंड नसतं. त्याच्या बहिणीला असतं."

"मी येऊ?"

"तू इथेच बस. आलास तर 'राहू दे, राहू दे' करून सगळं नासवशील."

मला काखेत मारून ती निघाली. माझं झाकण आपटण्याने सैल झालं होतं, त्यामुळे मला वाटेतला वारा लागला.

सुहराबी म्हणजे शांत बाई. तिने चहा आणला, केळ्याच्या गोड उन्नक्कायाची ताटली पुढे केली. तिने नवऱ्याची काळजी ओळखली होती, पण नवरदेवाला टोचून विचारायचं नाही ही तिकडचीही रीत. कुंजीबीने आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. कोठीची घरपट्टी पावती हवी, संमतीपत्रावर सही हवी, नाहीतर माल बंदरातच राहणार आणि बीरान पुन्हा दुसऱ्याचा खजूर तोलत मरणार.

सुहराबीने विचारलं, "त्यांनी मागायला सांगितलं का?"

"छे! तो बापजन्मात मागणार नाही."

"तेच तर!" सुहराबीने हातातली ताटली खाली ठेवली. शांत बाई एकदम भडकली. "अठ्ठावीस वर्षं मी वाट बघतेय, इत्तात्ता, की हा माणूस या घरात काहीतरी मागेल. भात वाढला की 'पुरे'. चादर बदलली की 'कशाला'. ताप आला तरी पाणी मागत नाही, उठून घेतो. मला वाटायचं, याला मी परकी, माझं घर परकं. मनाने हा तुमच्याचकडे राहतो."

कुंजीबीने माझं झाकण काढलं, आतून ते लेबल काढलं आणि सुहराबीच्या हातात दिलं. खजुराचं चित्र, वजन, महिना. खाली आणणाऱ्याचं नाव, बीरान कोया, आणि त्याच्या खाली सुहराबीच्या घराचं नाव.

"हे त्याने स्वतः लिहून छापायला दिलंय," कुंजीबी म्हणाली. "मला न विचारता, तुला न विचारता. सरकारने घर विचारलं तेव्हा त्याने माझं सांगितलं, कारण कागद माझ्याकडे, या डब्यात. पण स्वतःच्या पाकिटावर लिहायची वेळ आली, तेव्हा तुझं लिहिलंय."

सुहराबीने ते लेबल दोनदा वाचलं. मग डोळे पुसले आणि विचारलं, "सही कुठे करायची?"

निघताना कुंजीबीने मला उचललं नाही. "हा ठेव इथेच," ती म्हणाली. "उम्माने मला सांभाळायला दिला होता. मी कोंडून ठेवला."

शैलजाने सगळीकडे एकच पत्ता केला आणि अर्ज पुन्हा धाडला. रमजानला चार दिवस उरले असताना नोंदणीचा दाखला आला, माल सुटला. सुहराबीने दाखल्याला चौकट करून आणली आणि कोठीत बीरानच्या हातात हातोडी आणि खिळा दिला.

"ठोका."

"भिंतीत?"

"नाही, माझ्या डोक्यात! भिंतीतच ठोका."

पहिला घाव अंगठ्यावर बसला, दुसरा हुकला. खिळा वाकडा शिरला आणि दाखला तिरपा लटकला. मी फळीवरून सगळं पाहत होतो. मग बीरानने मला उलटं केलं आणि जुन्या चिठ्ठीशेजारी आपलं पहिलं लेबल चिकटवलं. आता माझ्या बुडावर दोन पत्ते आहेत, पण माझा अर्ज कोणी परत पाठवत नाही!

मित्रांनो, माझं झाकण पुन्हा घट्ट झालं आहे आणि माझ्यात अजूनही कागदच आहेत. माझं एवढंच मागणं आहे. जुने डबे जपून ठेवा, पण महिन्यातून एकदा उघडत जा. आणि तुमच्या घरात कोणी सारखं 'पुरे, राहू दे' म्हणत असेल, तर त्याला काही नको आहे असं समजून पुढे जाऊ नका. थोडं थांबा, पुन्हा विचारा.

दाखला टांगला त्या दुपारी कोठीतून मला आतली पंगत ऐकू येत होती. ताटं वाढली, नेहमीसारखा माशाचा मोठा तुकडा बीरानच्या ताटात पडला. मग त्याचा आवाज आला.

"सुहरा, जरा मीठ दे."