मासळीचे वार आणि मी हिरवी बादली

मित्रांनो, नाकावर रुमाल धरू नका, आज मी चकचकीत धुतलेली आहे! मी रत्नागिरीतल्या मथुराकाकूंची ओल्या कचऱ्याची बादली. रंग हिरवा, वय वर्षं सहा. कड जराशी वितळली आहे, कारण काकूंच्या मुलाने, विनीतने, एकदा मला पाण्याच्या चुलीशेजारी ठेवलं. बाकी कडी शाबूत आणि तोंडही!

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा वाटलं होतं, आपल्यात कोणी पाणी भरेल, निदान फुलं तरी आणेल. नशिबी आली बांगड्यांची डोकी! आधी मी रुसलेच. मग कळलं, मी येण्याआधी अख्खी आळी कचरा मागच्या पऱ्यात ओतायची, आणि पावसात तो ओढा तुंबून सगळी घाण अंगणात यायची. बादल्या आल्या, कचरा गाडीत जाऊ लागला आणि पऱ्याचा तळ दिसायला लागला. काकू येईल त्याला माझं कौतुक सांगायच्या. मी काय फुगायचे म्हणून सांगू!

गाडी तेव्हा रोज यायची. यंदा नगरपालिकेने ठरवलं, ओला कचरा आठवड्यातून तीनच दिवस नेणार, आणि वार आळीने सांगायचे. सभेत काकूच पहिल्या उठल्या. "बुधवार, शुक्रवार, रविवार! मासळीच्या वारी घाण जास्त, तेव्हाच गाडी हवी." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही खूश! एकालाही सुचलं नाही, की गाडी येते सकाळी सातला आणि मासेवाली येते दहाला.

झालं! बुधवारी सकाळी गाडी मला रिकामी करून गेली, आणि दुपारी कोळंबीच्या सालांनी भरले ती थेट शुक्रवारपर्यंत. शुक्रवारची घाण रविवारपर्यंत. अरे देवा, काय तो वास! मांजरं माझ्याभोवती ठाण मांडून बसायची. शेजारच्या सावित्रीवहिनी धाडकन खिडकी लावायच्या. काकूसुद्धा माझ्याकडे बघेनाशा झाल्या. ते मला फार लागलं.

शनिवारी संध्याकाळी विनीत वैतागला. "आई, पुरे झालं. हे पऱ्यात ओततो आणि बादली भंगारात देतो." त्याने मला उचललं, पऱ्यावरच्या साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, नेलं आणि तिरकं केलं. खाली नितळ पाणी वाहत होतं. मी घाबरून गेले. माझं काय व्हायचं ते होवो, पण ते पाणी?

"विनीत, खबरदार!" काकू धापा टाकत आल्या. "एक डोकं जरी पाण्यात पडलं, तर माझ्या घरात मासळी शिजायची बंद!"

विनीत जागीच थबकला. बांगड्याशिवाय त्याला घास उतरत नाही. "मग करायचं काय? वार तर तूच मागून घेतलेस."

"मीच घेतले, मीच बदलून आणीन. चुकले मी, त्यात काय!"

रविवारी सातच्या ठोक्याला काकू मला घेऊन गाडीपुढे उभ्या राहिल्या. गाडी चालवते राजश्री. सगळ्या आळीदेखत काकू म्हणाल्या, "अगो राजश्री, अक्कल गहाण ठेवली होती मी! मासळीचे वार नकोत, त्यांच्या दुसऱ्या दिवशीचे दे. सोमवार, गुरुवार, शनिवार."

राजश्री हसत सुटली. "काकू, हा वास मी गाडीत घेऊन गावभर फिरतेय. कोणी बोलेल तर ना! उद्याच ऑफिसात सांगते."

आणि बदलले की हो वार! गुरुवारी गाडीची घंटा वाजली आणि मला घेऊन धावत कोण सुटलं? विनीत! एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. "ताई, थांबा, थांबा!" बुधवारची डोकी गुरुवारी सातला गाडीत गेलीसुद्धा. मला तर नाचावंसं वाटलं.

मित्रांनो, तुमच्याकडेही गाडीचे वार बदलतील. जमले नाहीत तर सरळ गाडीवाल्यांना सांगा, चुकलो म्हणायला लाजू नका, आणि तोवर आमच्यावर झाकण घट्ट लावा. वार पुन्हा बदलून मिळतात हो. पाण्यात ओतलेलं मात्र कुठल्याच बादलीत परत येत नाही.